गव्हाचा करपा आणि टॉक्सए नावाचे विष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गव्हाच्या करप्याबद्दल बोलताना "ही बुरशी विष सोडते" एवढे म्हटले, की समोरून एक प्रश्न हमखास येतो : मग ते आमच्या पोळीत येते का? त्याच्यामागून बाकीचे प्रश्न येतात आणि ते फार चांगले असतात. असे वहीत टिपून ठेवलेले प्रश्न इथे उत्तरांसह मांडतो आहे. बहुतेक सगळे एकाच प्रथिनाभोवती फिरतात, त्याचे नाव टॉक्सए. पोळीचा प्रश्न शेवटी घेतला आहे, कारण मधले समजले की त्याचे उत्तर सोपे होते.

तांबेऱ्याची बुरशी विष सोडून पेशी मारत नाही, मग करप्याचीच का मारते?

तांबेऱ्याच्या बुरशीला पान जिवंत हवे असते. ती पेशीत नळीसारखा अवयव खुपसते आणि आतले तयार अन्न ओढते. पेशी मेली की तिचाही घास संपला. म्हणूनच तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या अनेक वाणांची युक्ती साधी असते. बुरशी शिरली रे शिरली, की तिथल्या मोजक्या पेशी स्वतःहून मरतात आणि बुरशी उपाशी राहते. पानावर सुईच्या टोकाएवढा फिकट डाग उरतो, बस्स.

करप्याच्या बुरशीचे याच्या नेमके उलट आहे. तिला मेलेली पेशीच खायची असते. आधी मारायचे आणि मग पसरायचे, हा तिचा धंदा. मारण्यासाठी ती पेशीभित्तिका पचवणारी विकरे सोडते, लहान रेणूंची विषे सोडते आणि काही वेळा प्रथिनेही सोडते. यातली प्रथिने सगळ्यांत चक्रावून टाकणारी आहेत, कारण ती स्वतःच्या जोरावर फारसे काही करत नाहीत. गव्हाकडून करवून घेतात.

टॉक्सए हे प्रथिन सापडले कसे?

गव्हावर 'टॅन स्पॉट' नावाचा करप्याचाच एक प्रकार आहे, पायरेनोफोरा ट्रिटिसी-रिपेंटिस या बुरशीचा. १९८७ साली अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये टोमास आणि बॉकस या शास्त्रज्ञांनी दाखवले की ही बुरशी ज्या द्रावणात वाढवली, ते गाळलेले द्रावण पानात सोडले तरी डाग पडतो. बुरशी नाही, बीजाणू नाही, नुसते पाणी. आणि डागही सगळ्या वाणांवर पडत नाही, तर जे वाण शेतात रोगाला बळी पडतात त्यांच्यावरच पडतो. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात बॅलन्स, लमारी आणि बर्निये यांनी ते विष शुद्ध करून ते प्रथिन असल्याचे सांगितले. एका विशिष्ट पिकाच्या विशिष्ट वाणांनाच मारणारी विषे तोपर्यंत माहीत होती. पण त्यातले प्रथिन असलेले हे पहिलेच.

खरा कळस १९९७ साली ओरेगनमध्ये झाला. लिंडा सिफेट्टी आणि सहकाऱ्यांनी टॉक्सएचे जनुक या बुरशीच्या एका निरुपद्रवी नमुन्यात घातले. तोवर गव्हाला काहीही न करणारी ती बुरशी रोग करू लागली. एका जनुकाने! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यानंतर वादाला जागाच राहिली नाही.

आकाराने हे प्रथिन लहानसे आहे. जनुकावरून १७८ अमिनो आम्लांची साखळी बनते. तिचा पहिला तुकडा म्हणजे 'मला पेशीबाहेर टाका' असा पत्ता असतो, तो कापला जातो. त्यापुढचा आणखी एक तुकडा गळतो आणि सुमारे १३.२ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) पक्के प्रथिन उरते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे.

हे फक्त टॅन स्पॉटच्या बुरशीत असते का?

नाही. तीन बुरशींमध्ये ते पक्के आढळले आहे. टॅन स्पॉटची पायरेनोफोरा, पाने आणि ओंबीवरची तुसे डागाळणारी पॅरास्टॅगोनोस्पोरा नोडोरम आणि 'स्पॉट ब्लॉच' करणारी बायपोलारिस सोरोकिनियाना. पहिल्या दोन्ही जगाच्या थंड-समशीतोष्ण गहूपट्ट्यात जास्त त्रास देतात. आपल्याकडे महत्त्वाची आहे ती तिसरी. उष्ण आणि दमट हवा तिला मानवते, म्हणून पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या पट्ट्यात तिचा उपद्रव मोठा आहे. तिचे डाग गडद तपकिरी आणि लांबट असतात, कडेला पिवळसर वलय दिसते. पुढे डाग एकमेकांत मिसळतात आणि पान टोकाकडून करपत येते.

महाराष्ट्रात गव्हावरची पहिली धास्ती तांबेऱ्याची, आणि ती रास्तच आहे. पण हिवाळा ऊबदार गेला आणि मध्येच ढगाळ-दमट दिवस आले, की करपाही पानावर हजर होतो. पुष्कळदा त्याला 'पान पिकले' म्हणून सोडून दिले जाते. पिकलेले पान टोकाकडून सारखे पिवळे होत जाते. करप्याच्या पानावर आधी सुटे सुटे डाग दिसतात. हा फरक खालच्या पानांवर बघितला तर लवकर कळतो.

एकाच शिवारात एक गहू करपतो आणि शेजारचा हिरवा राहतो, असे का?

बियाणे, पेरणीची वेळ, पाणी, खत ही कारणे असतातच. पण टॉक्सएपुरते बोलायचे तर उत्तर गव्हाच्या आत आहे. गव्हाच्या ५बी या गुणसूत्राच्या लांब भुजेवर टीएसएन-१ नावाचे एक जनुक असते. ते असेल तर टॉक्सए पेशी मारते. नसेल तर तेच टॉक्सए त्याच पानात भरले तरी पान हिरवेगार राहते. गव्हाच्या कित्येक वाणांत ते मुळातच नाही.

चार जोड्या मनात मांडून बघा. बुरशीकडे टॉक्सए आहे आणि गव्हाकडे टीएसएन-१ आहे : डाग. बुरशीकडे आहे, गव्हाकडे नाही : टॉक्सएमुळे डाग नाही. बुरशीकडे नाही, गव्हाकडे आहे : तरी नाही. दोघांकडे नाही : अर्थातच नाही. म्हणजे रोगाला दोघांची 'हो' लागते.

हे वाचताना वनस्पतिरोगशास्त्र शिकलेल्या कोणालाही हॅरॉल्ड फ्लोर आठवेल. त्याने जवस आणि जवसाचा तांबेरा यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९४० च्या दशकात 'जनुकास जनुक' हा सिद्धांत मांडला. पिकाकडे एक जनुक, बुरशीकडे त्याच्या जोडीचे एक. दोन्ही जुळले तर पीक वाचते. टॉक्सएमध्ये जोडी तशीच आहे, फक्त निकाल उलटा : दोन्ही जुळले तर पीक मरते. म्हणून याला 'उलटे जनुकास जनुक' म्हणतात. फ्लोरचे काम नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी झाले, आणि २०१० साली टीएसएन-१ वेगळे काढून त्याची डीएनएमधली अक्षरे वाचणाऱ्या जस्टिन फॅरिस यांचे कामही फार्गोलाच. एकाच गावात सिद्धांताच्या दोन्ही बाजू उलगडल्या.

मग टीएसएन-१ हे 'रोगट' जनुक आहे का? ते गव्हात आले तरी कशाला?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथेच या विषयाचा गाभा आहे.

२०१० मध्ये टीएसएन-१ ची रचना समोर आली तेव्हा ती रोगप्रतिकारक जनुकासारखी निघाली. तांबेऱ्यासारखे रोग ओळखणाऱ्या जनुकांत जे भाग असतात तेच यात आहेत, वर एक सिग्नल पुढे ढकलणारा किनेजचा भाग जोडलेला. म्हणजे हा पहारेकरीच आहे. शत्रू दिसला की 'इथल्या पेशी मारा' अशी हाळी देणे हे त्याचे काम. जिवंत पेशी खाणाऱ्या बुरशीविरुद्ध ही हाळी बरोबर ठरते. मेलेली पेशी खाणाऱ्या बुरशीने ती हाळी पाठ केली आणि हवी तेव्हा पहारेकऱ्याकडून देववून घेतली. गव्हाने जो हात स्वतःच्या रक्षणासाठी ठेवला, त्याच हाताने स्वतःचा गळा दाबला जातो.

असेच नाटक ओटच्या पिकात आधी घडून गेले होते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या 'व्हिक्टोरिया' नावाच्या ओटमध्ये मुकुट-तांबेऱ्याला रोखणारे जनुक होते. अमेरिकन पैदासकारांनी ते आनंदाने वाणामागून वाणात घातले आणि १९४० च्या दशकात लाखो एकरांवर व्हिक्टोरियाचे रक्त असलेला ओट उभा राहिला. मग एक नवाच करपा आला, तो फक्त याच वाणांवर. १९४६-४७ मध्ये त्याची बुरशी आणि तिचे विष यांचे वर्णन झाले. विषाचे नाव पडले व्हिक्टोरिन. ते टॉक्सएसारखे पूर्ण प्रथिन नाही, अमिनो आम्लांचे छोटेसे कडे आहे. तांबेऱ्याला रोखणारा गुण ठेवायचा आणि करप्याला बळी पडणारा गुण काढायचा, असे खूप प्रयत्न झाले. दोन्ही गुण सुटे झाले नाहीत. पुढे २००७ मध्ये ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपात व्हिक्टोरिनला बळी पाडणारे जनुक सापडले, तेही रोगप्रतिकारक जनुकांच्याच कुळातले निघाले.

म्हणून टीएसएन-१ ला नुसते 'रोगट' म्हणायला माझे मन तयार होत नाही. त्याचे मूळ बहुधा गव्हाच्या रानटी पूर्वज गवतांत आहे, आणि तिथे त्याने कोणाला तरी अडवले असेल असे रचनेवरून वाटते. पण आजच्या आपल्या शेतात त्याचा फायदा कोणी दाखवलेला नाही आणि तोटा मात्र दिसतो आहे. तेव्हा ते काढलेले बरे.

पानात शिरल्यावर टॉक्सए नेमके करते काय?

त्याच्या अंगावर एक छोटा फास बाहेर आलेला असतो, आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा. हाच तीन अक्षरांचा शब्द आपल्या शरीरातल्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांतही असतो, आणि आपल्या पेशी त्याला धरून भोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्याला चिकटतात. टॉक्सए याच फासाच्या आधारे गव्हाच्या पेशीत शिरते. फास बदलला तर आत जाणे थांबते. आत गेले की ते हरितलवकाजवळ पोचते, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, प्राणवायूची जहाल रूपे साठतात आणि पेशी कोसळते.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, याला उजेड लागतो. विष भरलेले पान अंधारात ठेवले तर डाग पडत नाही. दुसरी जास्त गंमतीची. टीएसएन-१ नसलेल्या गव्हाच्या पेशीतच टॉक्सएचे जनुक घालून ते आतल्या आत बनवले, तर तीही पेशी मरते. म्हणजे दाद न देणारा गहू या विषाने मरू शकत नाही असे नाही. त्याच्या दारातून ते आत येत नाही, एवढेच. टीएसएन-१ आणि टॉक्सए एकमेकांना थेट चिकटताना दिसलेले नाहीत, तेव्हा दार उघडण्यात मध्ये आणखी कोणीतरी आहे. यावर अजून काम चालू आहे.

तीन वेगळ्या बुरशींकडे एकच विष आले कसे?

देवघेव झाली. २००६ साली फ्रीझन आणि सहकाऱ्यांनी नोडोरम आणि टॅन स्पॉटच्या बुरशीतले टॉक्सए जनुक शेजारी ठेवून पाहिले. दोन बुरशी एकमेकींपासून पुष्कळ दूरच्या, पण जनुक जवळजवळ तेच. नोडोरममध्ये त्याची ११ रूपे सापडली, टॅन स्पॉटच्या बुरशीत फक्त एक. ज्या गावात एका आडनावाची दहा-अकरा घरे असतात, ते गाव त्या घराण्याचे जुने. जिथे एकच बिऱ्हाड आहे, तिथे ते अलीकडे आलेले. त्यावरून अंदाज निघाला की जनुक नोडोरमकडून टॅन स्पॉटच्या बुरशीकडे गेले आणि तेही फार पूर्वी नव्हे. टॅन स्पॉट हा गव्हाचा मोठा रोग म्हणून १९४० च्या दशकापासूनच नावारूपाला आला, ही गोष्ट त्याच्याशी जुळते. आईबापांकडून न येता शेजाऱ्याकडून आलेल्या एका जनुकाने नवा रोग उभा केला.

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बायपोलारिसमध्येही तेच जनुक सापडले. पाठोपाठ कळले की टॉक्सए एकटे फिरत नाही. सुमारे १४ हजार अक्षरांचा एक उड्या मारणारा तुकडा त्याला पोटात घेऊन फिरतो, आणि तो तुकडा काही बुरशींत त्याहून कितीतरी मोठ्या फिरत्या तुकड्यांत बसलेला असतो. या मोठ्या तुकड्यांना शास्त्रज्ञांनी 'स्टारशिप' असे नाव दिले आहे. एकाच पानावर दोन-तीन रोगांच्या बुरशी शेजारी शेजारी राहतात, हे आपण शेतात नेहमीच बघतो. त्या तिथे नुसत्या जेवत नाहीत, हत्यारांचीही अदलाबदल करतात.

भारतात टॉक्सए आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बायपोलारिसचे देशातल्या गहूपट्ट्यांतले ११० नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७७ मध्ये, म्हणजे ७० टक्क्यांत, टॉक्सएचे जनुक होते. त्याच अभ्यासात २२० भारतीय गहू वाण पाहिले, त्यांतल्या ८१ मध्ये टीएसएन-१ निघाले, म्हणजे सुमारे ३७ टक्के. टॉक्सए असलेली बुरशी रोपांवर सोडली तेव्हा टीएसएन-१ असलेल्याच वाणांवर पिवळ्या वलयाचे मृत डाग उठले.

पण याच अभ्यासातली पुढची ओळही वाचायला हवी : पूर्ण वाढलेल्या झाडांवर असा फरक दिसला नाही. रोपावस्थेत टॉक्सए आणि टीएसएन-१ ची जोडी चावी-कुलपासारखी इतकी नेमकी आणि ओंबीच्या वेळी ती धूसर, असे का, हा मोठा प्रश्न आहे. माझ्या मते ओंबी बाहेर पडेपर्यंत झाडाचे वय, उष्णता आणि इतर जनुके यांचे वजन वाढते, पण हे माझे मत झाले.

माझ्या वाणात टीएसएन-१ आहे की नाही हे मला कसे कळेल?

शेतात बघून नाही कळणार. प्रयोगशाळेत मात्र दोन सोप्या वाटा आहेत. पहिली, दोन-तीन पानांच्या रोपाच्या पानात बिनसुईच्या सिरिंजने शुद्ध टॉक्सएचे थेंबभर द्रावण दाबून भरायचे आणि तीन-चार दिवस थांबायचे. भरलेला भाग वाळून मेला तर वाण बळी पडणारा, हिरवा राहिला तर नाही. दुसरी, पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्करने जनुक तपासायचे. दोन्हींना शेत लागत नाही, हंगाम लागत नाही, बुरशी वाढवावी लागत नाही. एका पैदासकाराला एका आठवड्यात शेकडो वाण चाळून होतील.

ऑस्ट्रेलियाने हे करून दाखवले. तिथे टॅन स्पॉटमुळे वर्षाला सुमारे २१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे नुकसान होते, असा २००९ चा अंदाज होता. पर्थच्या संशोधकांनी सूक्ष्मजीवाकडून टॉक्सए बनवून घेतले आणि देशातल्या गहू पैदासकारांना त्याच्या मात्रा वाटल्या. पैदासकारांनी बळी पडणाऱ्या ओळी (घडत असलेले वाण) रोपावस्थेतच काढून टाकल्या. काही वर्षांतच पश्चिम ऑस्ट्रेलियात टॉक्सएला बळी पडणाऱ्या वाणांखालचे क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास आले. शत्रूचेच विष चाळणी म्हणून वापरले.

आपल्या राज्यात पुण्याची आघारकर संशोधन संस्था गव्हावर काम करते, तिचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. निफाडचे कृषी संशोधन केंद्र तर गव्हासाठीच ओळखले जाते. ही आपली हक्काची ठिकाणे आहेत. वाणाच्या माहितीपत्रकावर तांबेऱ्याला प्रतिकारक, इतक्या दिवसांत तयार, पोळी उत्तम, इतके प्रथिन असे सगळे लिहिलेले असते. 'टॉक्सएला बळी पडत नाही' अशी ओळ मी अजून वाचलेली नाही. ती छापली जावी असे मला मनापासून वाटते. मेळाव्यात वाणाबद्दल बोलणाऱ्या शास्त्रज्ञांना हा एक प्रश्न जरूर विचारा.

टीएसएन-१ नसलेला वाण पेरला की करपा गेलाच ना?

गेला नाही. एक दार बंद झाले. नोडोरमकडे एसएनटॉक्स-१, एसएनटॉक्स-३ अशी आणखी प्रथिने आहेत, प्रत्येकासाठी गव्हात वेगळे दार आहे. टॅन स्पॉटच्या बुरशीच्या काही जाती टॉक्सबी नावाचे दुसरे प्रथिन सोडतात, त्याने पान मरण्याऐवजी पिवळे पडते. बायपोलारिसचेही सगळे बळ टॉक्सएमध्ये नाही. ७० टक्के नमुन्यांत टॉक्सए होते, म्हणजे ३० टक्के त्याच्याशिवायही जगत होतेच.

स्पॉट ब्लॉचला झुंज देणारी इतर जनुकेही आहेत. त्यातले एक तर जुने ओळखीचे आहे : तांबेऱ्यासाठी जगभर वापरले जाणारे एलआर-३४. त्याच जागेला स्पॉट ब्लॉचच्या यादीत एसबी-१ असे नाव आहे. पानाचे टोक थोडे वाळवणारे हे जनुक दोन्ही रोगांचा वेग मंदावते. टीएसएन-१ काढा आणि एलआर-३४ सारखे ठेवा, अशी जोडी असेल तर खरे बळ येते.

तांबेऱ्याचा प्रतिकार चार-पाच वर्षांत मोडतो. हाही मोडेल का?

इथे दोन रोगांत फार मोठा फरक आहे, आणि मला तो आशादायक वाटतो. तांबेऱ्याला रोखणारे जनुक घातले की बुरशीला त्यातून सुटायला फक्त एक गोष्ट गमवावी लागते. गव्हाने जिला ओळखले ती खूण टाकून दिली की झाले. गमावणे सोपे असते. एका अक्षराचा बदलही पुरतो. करप्यात आपण काही घालत नाही, काढतो. टीएसएन-१ काढल्यावर टॉक्सए निरुपयोगी झाले. आता बुरशीला पुन्हा आत शिरायचे तर नवे हत्यार कमवावे लागेल. तीन बुरशींची कथा सांगते की कमावणे अशक्य नाही. पण ते गमावण्याइतके रोजचेही नाही.

आणि यासाठी जनुकबदल तंत्र लागत नाही. टीएसएन-१ नसलेले वाण निसर्गतःच आहेत, साध्या संकराने आणि चाळणीने काम होते.

या हंगामात शेतात काय करू?

आपल्याकडे नेहमी सांगितले जाते तेच, पण मन लावून. वेळेवर पेरणी करा. उशिराच्या गव्हाची दाणा भरण्याची वेळ तापत्या दिवसांत येते आणि करप्याला तेच हवे असते. बियाणे निरोगी घ्या आणि बीजप्रक्रिया करून पेरा, कारण ही बुरशी बियाण्यावरूनही येते. मागच्या गव्हाचे काड वर पडू देऊ नका, आणि शक्य तिथे हरभऱ्याशी फेरपालट करा. नुसता युरिया ओतू नका, पालाशही द्या. डाग वरच्या पानांकडे चढू लागले आणि हवा दमट राहिली तर प्रोपिकोनॅझोलसारख्या शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची फवारणी कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने आणि लेबल वाचून करा. ओंबीखालचे झेंड्याचे पान वाचवणे हे फवारणीचे मुख्य उद्दिष्ट, कारण दाणा बराचसा त्याच पानाच्या जिवावर भरतो.

डाळिंबाचा तेल्या, बटाट्याचा करपा यातही असलीच प्रथिने असतात का?

तेल्या जिवाणूमुळे होतो. तो जिवाणू सुईसारख्या यंत्राने प्रथिने थेट पेशीत टोचतो. ती प्रथिने मुख्यतः झाडाचा बचाव गप्प बसवतात, त्यांना सरळ विष म्हणणे बरोबर नाही.

बटाट्याचा करपा करणाऱ्या फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या जीवाकडे मात्र एक वेगळे कूळ आहे, एनएलपी नावाचे. या कुळातले पहिले प्रथिन १९९५ मध्ये फ्युजॅरियम बुरशीतून वेगळे केले गेले, कोकाच्या झाडावर काम करताना. त्यानंतर ते बुरशीत, जिवाणूत आणि फायटॉप्थोरासारख्या जीवांत सगळीकडे सापडले. ते द्विदल झाडांची पाने मारते, पण गवतवर्गीय पिकांना काही करत नाही. वीस वर्षे हे कोडे होते. २०१७ मध्ये उत्तर मिळाले. पेशीच्या पडद्यावर काही मेदरेणू असतात, त्यांच्या डोक्यावर साखरेचे मणी असतात. द्विदलांत टोकाला दोन मणी, गवतवर्गात तीन. तिसऱ्या मण्यामुळे विष पडद्याला नीट भिडत नाही. टोमॅटो आणि ज्वारी यांच्यातला हा फरक एका मण्याचा.

हे विष आपल्या पोळीत येते का?

पोळीसाठी घाबरायचे कारण नाही. टॉक्सएची करामत गव्हाच्या पानातल्या पेशींपुरती आणि त्याही विशिष्ट जनुकाच्या जिवावर चालते. माणसाला त्याने इजा झाल्याचे आढळलेले नाही. आणि शेवटी ते प्रथिन आहे, तापल्या तव्यावर त्याची घडी मोडते. धान्यात खरी काळजी घ्यायची ती अफ्लाटॉक्सिनसारख्या विषांची. ती प्रथिने नाहीत, लहान रेणू आहेत, आणि भाजून किंवा शिजवून ती पूर्णपणे जात नाहीत. त्यासाठी धान्य कोरडे करून साठवा, बुरशी लागलेले दाणे निवडून काढा आणि ते जनावरांनाही घालू नका.